पाच दिवसांची शाळा

गावात मुलं उरली नाहीत म्हणून
अकरा वर्षांपूर्वी बंद झालेली ही शाळा
जानेवारीत पाच दिवस उघडते.
किल्ली माझ्याकडे असते.
पहाटे चारला मी बर्चची लाकडं भट्टीत सारते
तेव्हा कुठे नऊपर्यंत
भिंतीला पाठ टेकवता येते.

तार्तूहून बस आली. एकवीस पोरं, तीन मास्तर,
खोकी भरून वायरी.
म्हटलं, रसायनवाले ना तुम्ही?
मग काचेची भांडी कुठायत?
रेलिका नावाची पोरगी हसली,
आम्ही सगळं आकड्यांतच उकळतो, उर्वे.

बरं.
मी आपलं वाटाण्याचं सूप खरोखरीचं उकळलं.

फळ्याशेजारी मूलद्रव्यांचा जुना तक्ता आहे.
एकशे चारपाशी थांबतो,
त्या चौकोनातलं नावही आता रद्द झालंय म्हणे.
त्याच्यापुढे मोकळ्या जागेत
पेन्सिलीने काढलेला एक मासा.
कुणी काढला ते मला माहीत आहे.
तो हल्ली तुर्कूत लोकांच्या घरांवर छपरं घालतो.

तिसऱ्या रात्री भांडण झालं.
लोखंडाचा एक अणू, भोवती सहा नायट्रोजन,
आणि सहा इलेक्ट्रॉन, ज्यांना पाच खोल्या:
तीन खाली, दोन माडीवर.
विल्लू मास्तरांची रीत सांगे, सगळे खालीच राहतील
दोघं दोघं एका खोलीत.
रेलिकाची रीत सांगे, छे, पांगतील, वरही जातील.
संगणक रात्रभर घोंघावले
आणि दोघांनाही हो म्हणाले.

मी भांडी विसळत होते. तोंडातून निघून गेलं,
थंडी किती आहे त्यावर नाही का ते?
हिवाळ्यात मीही माडी बंद करते,
पाव्हणे खालच्या तीन खोल्यांत कोंबते,
कुणी कुरकुर करत नाही.
एप्रिलमध्ये मात्र एका खोलीत दोघं
एक रात्र टिकत नाहीत.

कुणीच हसलं नाही. मला वाटलं, चुकलं माझं.

मग कोपऱ्यातला रान्नर उठला,
चार दिवसांत ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता.
खिशातून कुपी काढली, आत पांढरी पूड,
हीच ती, म्हणाला, मी बनवलेली,
आणायची नव्हती, तरी आणली.
दुहेरी खिडकीच्या दोन तावदानांमध्ये
मी कापूस भरून ठेवते, त्या कापसात त्याने ती रोवली.
बाहेर उणे एकोणीस.

सकाळी पूड जांभळी.
आळूबुखारासारखी गच्च जांभळी.
भट्टीच्या कट्ट्यावर ठेवली, पाव कापून होईतो
पुन्हा पांढरी.
पुन्हा खिडकीत. पुन्हा कट्ट्यावर.
एकवीस पोरं लापशी निववत उभी.

विल्लू मास्तर चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, दोन्ही घरांतलं अंतर
आमच्या चुकीपेक्षा लहान आहे.
मी ते वाक्य भाकरीच्या पिठासारखं
दिवसभर मनात मळत होते.
माझ्या घरापासून तुर्कूचं अंतर
समुद्रासकट मी मोजलेलं आहे,
माझी चूक कधी मोजली नाही.

पाचव्या दिवशी बस गेली.
चादरी गोळा केल्या, माडीची झडप बंद केली.
वर्गात झाडू मारताना पाहिलं,
कुणीतरी तक्ता पुढे वाढवलाय, पेन्सिलीनेच,
एकशे पाच, एकशे सहा, थेट एकशे अठरापर्यंत,
ओळ सरळ जाता जाता एके ठिकाणी वाकते,
माशाला वळसा घालून पुढे निघते.
मासा पुसलेला नाही.

कुपी इथेच राहिली. विसरली की ठेवली, कळत नाही.
आज बाहेर थंडी जरा उतरलीय.
पूड ना पांढरी ना जांभळी,
फिकट गुलाबी, दोन मनांत असल्यासारखी.
फोन मी कट्ट्यावर ठेवलाय
आणि लाकूड आणखी एक सारलंय.